रुग्णाच्या ‘नको’ला केस पेपरवर जागा द्या

प्रति,
राज्यातील रुग्णालयांचे विश्वस्त, वैद्यकीय अधीक्षक आणि अतिदक्षता विभागांचे प्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय रुग्णालयात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त अतिदक्षता विभागात. रुग्णालयाचे नाव इथे लिहीत नाही. जे सांगणार आहे ते एका इमारतीपुरते नाही, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना आपापला वॉर्ड त्यात दिसेल.

पत्र लिहिण्याचे कारण एक छापील कागद. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवा दाखल अर्ज लागू झाला. त्याच्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे की रुग्णाच्या प्रकृतीनुसार डॉक्टरांना योग्य वाटतील त्या सर्व तपासण्या, उपचार आणि शस्त्रक्रिया करण्यास आमची संमती आहे आणि त्याबद्दल पुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही. खाली नातेवाइकाचे नाव, रुग्णाशी नाते, मोबाइल नंबर आणि सही. रुग्णाच्या सहीचा रकाना काढून टाकला आहे. जुन्या अर्जात तो होता; बहुतेकदा कोरा राहायचा, पण होता. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “सिस्टर, पेशंट कुठे सही करायच्या अवस्थेत असतो?”

असतो. आमच्याकडे दाखल होणारे कितीतरी जण स्वतःच्या पायांनी चालत येतात, काउंटरसमोरच्या बाकावर बसतात आणि आपल्याबद्दल चाललेले बोलणे ऐकत राहतात. त्यांना नाव, वय, गाव, मागचे ऑपरेशन, चालू असलेल्या गोळ्या, सगळे विचारले जाते. हा उपचार तुम्हाला घ्यायचा आहे का, एवढे मात्र त्यांच्या मुलाला विचारले जाते.

एका रुग्णाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एसटीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली, बराच काळ डायलिसिस करून झालेले. डोके पूर्ण ठिकाणावर होते. राऊंडला आलेल्या डॉक्टरांना ते तारीख-वार सांगत, शेजारच्या खाटेवरच्याची विचारपूस करत. दम लागला म्हणून त्यांना दाखल केले, आणि त्याच रात्री त्यांनी सांगितले की आता मशीनवर जायचे नाही. आधी मला सांगितले, मग रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना (आरएमओ), सकाळी मोठ्या डॉक्टरांना. तिघांनाही त्याच शब्दांत. मोठे डॉक्टर मुलाकडे वळले. मुलगा रडवेला झाला होता. “त्यांचं काय ऐकताय, तुम्ही करा,” म्हणाला. फाइलवर मुलाची सही झाली, खाली ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद झाली. त्यांनी सलाइन ओढून काढले तेव्हा हात खाटेला बांधण्याचा तोंडी आदेश आला. “पोरी, माझं झालंय समदं. आता सोड मला,” असे ते पाळी बदलून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिले. त्यांचे शेवटचे दिवस असेच गेले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. बापाचे उपचार थांबवा असे कोणत्या मुलाच्या तोंडून निघेल? त्याच्यावर तो प्रश्न टाकायलाच नको होता. ज्यांना विचारायला हवे होते ते हाताच्या अंतरावर होते, शुद्धीवर होते आणि उत्तर देऊन मोकळे झाले होते.

यात माझे काय अडले, असे कोणी विचारेल. बांधणारे हात आमचे असतात. डॉक्टर आदेश देऊन पुढच्या खाटेकडे जातात, नातेवाईक दाराबाहेर असतात. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालताना मान फिरवणाऱ्या माणसाचे डोके धरून ठेवते ती परिचारिका, आणि रात्री तीन वाजता त्याचे म्हणणे ऐकते तीही परिचारिकाच. भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिता आम्हाला सांगते की रुग्ण हा शुश्रूषेतला भागीदार आहे, माहिती घेऊन निवड करायला त्याला मदत करा. वॉर्डात तसे वागायला गेले की “सिस्टर, नातेवाइकांना भडकवू नका” हे ऐकावे लागते. माझ्या कितीतरी सहकारिणींनी ते ऐकले आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणी आता गप्प राहतात.

कायदा काय म्हणतो हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवे. तरी लिहिते, कारण हे पत्र रुग्ण आणि त्यांचे घरचेही वाचतील.

१६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. दिल्लीतल्या या ४४ वर्षांच्या रुग्णाने दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरती संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोष काढून टाकले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असताना आईची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला लागू होत नाही. आमच्या नव्या अर्जातले ते सरसकट वाक्य या निकालापुढे कसे टिकणार आहे, हे आमच्या विधी सल्लागारांनी मला समजावून सांगावे.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निर्णयक्षम प्रौढ व्यक्ती उपचार नाकारू शकते, मग तो उपचार जीव वाचवणारा का असेना, हे त्यात स्पष्ट आहे. पुढे आपण बोलू शकणार नाही अशी वेळ आली तर काय करावे आणि काय करू नये, हे आधीच लिहून ठेवण्याची सोयही त्याच निकालाने दिली. त्याला लिव्हिंग विल किंवा वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. तेव्हा घातलेली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीची अट इतकी जाचक होती की फारसे कोणी त्या वाटेला गेले नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की रुग्णालयाने आधी एक प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमायचे, मग दुसरे. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे.

इथे एक गोंधळ मी रोज पाहते. ही मंडळे बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी आहेत. जो शुद्धीवर आहे, समजून उमजून बोलतो आहे, त्याच्या नकाराला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही. तरीही त्या एसटीतल्या आजोबांबाबत मला सांगण्यात आले की “तसं करायचं तर कोर्टात जावं लागतं.”

कोर्टाचे नाव निघाले की सगळ्यांना अरुणा शानबाग आठवतात. परिचारिकेला त्यांचे नाव सहज घेता येत नाही. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधल्या ४१ वर्षांहून अधिक काळात केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांचे उपचार थांबवायला त्या परिचारिकांचा विरोध होता आणि त्यामागच्या मायेपुढे मी आजही हात जोडते. पण त्या खटल्याचा दाखला देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की अरुणाताईंना स्वतःचे मत सांगता येत नव्हते, म्हणून न्यायालयाला ते ठरवावे लागले. आमच्या वॉर्डातली माणसे बोलतात.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार ‘डामा’ची आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याचा हा कागद. कोणी एका उपचाराला नको म्हटले की तासाभरात तो पुढे येतो. व्हेंटिलेटर नको? मग डामावर सही करा. केमो नको? डामा. पोटात नळी नको? डामा. म्हणजे रुग्णापुढे दोनच वाटा उरतात, सगळे घ्या नाहीतर निघा. सही झाली की डिस्चार्ज कार्ड अर्धवट मिळते, वेदनेच्या गोळ्या लिहून दिल्या जात नाहीत, विम्याचे पैसे मिळणार नाहीत म्हणून घाबरवले जाते, आणि दोन दिवसांनी त्रास वाढून तोच माणूस परत आला तर “तुम्हीच गेला होता ना” असे त्याला दारातच ऐकवले जाते. एका उपचाराला नकार दिला म्हणून त्याचा अंथरूण-पांघरुणाचा, जखम धुण्याचा, ऑक्सिजनचा, दोन शब्दांचा हक्क कसा काय संपतो? तो आमचा रुग्ण असतोच.

दुसरी बाजूही सांगते, कारण तीही मी डोळ्यांनी पाहिली आहे. एक बाई, गर्भाशयमुखाचा कर्करोग, केमोचे दोन प्रकार देऊन झालेले. त्यांच्या डॉक्टरांनी स्टूल ओढले, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि विचारले, “तुम्हाला काय वाटतं?” बाई म्हणाल्या, आता केमो नको, रात्रभर झोप लागेल असे काहीतरी द्या, आणि पंचमीला लेक माहेरी येणार आहे तेव्हा मला घरी असू द्या. डॉक्टरांनी केमोचा फायदा किती, त्रास किती, न घेतल्यास काय होईल, हे पुन्हा एकदा सांगितले. बाईंचे म्हणणे तेच राहिले. मग तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, नवऱ्याला ड्रेसिंग शिकवले, रात्री-अपरात्री फोन करायला नंबर दिला. नंतर काही आठवड्यांनी त्या घरीच गेल्या. त्यांनी नाकारली ती फक्त केमो होती, बाकी काहीच बंद झाले नव्हते. हे एका सरकारी पगारावरच्या डॉक्टरांनी, दुपारच्या ओपीडीच्या गर्दीतून वेळ काढून केले. त्यामुळे ‘आपल्याकडे हे शक्य नाही’ हे मला पटत नाही.

मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करते आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आहे, मुंबईतच टाटा रुग्णालयाचा उपशामक, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारा, विभाग आहे. पण आमच्या भागात मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी माणसे आजही वणवण फिरतात, २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा त्यासाठी सैल होऊनही. उपशामक सेवा नसेल तर नकाराचा हक्क म्हणजे वेदनेत तळमळत मरण्याची परवानगी, एवढाच अर्थ उरतो. हे मी तुमच्या पदरात टाकते, कारण वेदनाशामक सेवेचा एक डॉक्टर आणि एक परिचारिका नेमायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.

पुढची तक्रार अशी की नकाराचे कारण कोणी विचारत नाही. साखर कारखान्यात आयुष्य घालवलेले एक काका मधुमेहाने काळा पडलेला पायाचा अंगठा घेऊन आले. ऑपरेशन म्हणताच “पाय काढू देणार नाही” म्हणून अडून बसले. डामाचा कागद तयार झाला. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पेन घेतले, त्यांच्या पायावर अंगठ्याच्या मुळाशी रेघ ओढली आणि म्हणाली, एवढेच कापायचे आहे. काकांनी पायाकडे पाहिले. “एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की.” दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. दोन दिवस ज्याला आम्ही नकार म्हणत होतो तो न समजलेल्या गोष्टीला होता. मी नकाराचा आदर करा म्हणते त्यात हे ऐकून घेणे आधी येते. ‘नको’ ऐकताच सहीचा कागद पुढे करणे म्हणजे आदर नव्हे. त्यात रुग्णाला टाळण्याचाच हेतू जास्त असतो.

आणि पैसे. कितीतरी ‘नको’ हे ‘परवडत नाही’ असतात. बाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते आणि म्हणते, मला बरे वाटतेय, घरी चला. हा स्वेच्छेचा नकार मानून डामावर सही घेणे पाप आहे, मला दुसरा शब्द सुचत नाही. आपल्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव आहेत. ही योजना उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. डामाची सही घेण्याआधी समाजसेवा अधीक्षकांनी त्या बाईला हे सांगितले का, याची नोंद मी आजवर एकाही केस पेपरवर पाहिलेली नाही.

बायकांबद्दल वेगळे लिहावे लागते. प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी १९७१ च्या कायद्याने फक्त तिची संमती मागितली आहे; नवऱ्याची सही कुठेही नाही. तरी काउंटरवर ती मागितली जाते आणि ती आणता येत नाही म्हणून बायका परत जातात. बाळंतपणानंतर लगेच गर्भनिरोधक तांबी बसवताना कळा सोसून थकलेल्या बाईला “बसवू ना?” असे विचारून तिच्या हुंकाराला होकार धरतात. बीडमधल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या कितीतरी जणींनी कॅन्सर होईल या भीतीने हो म्हटले होते. आपल्याला नाही म्हणता येते, हे जिला कोणी सांगितलेच नाही, तिच्या सहीला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हात बांधण्याबद्दल थोडक्यात. मनोरुग्णालयात रुग्णाला बांधायचे तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे तातडीचा धोका टाळण्याचा तोच एक मार्ग असावा लागतो, मनोविकारतज्ज्ञांची मंजुरी आणि लेखी नोंद लागते, गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवता येत नाही. आमच्या अतिदक्षता विभागात मात्र तोंडी आदेश आणि गॉजची पट्टी पुरते. भ्रमात असलेल्या रुग्णाने श्वासनलिकेतली नळी ओढू नये म्हणून काही वेळ हात आवरावे लागतात, हे मीही मान्य करते. शुद्धीवरच्या माणसाचा नकार मोडून काढण्यासाठी बांधणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीखाली जातात.

वैद्यकीय इच्छापत्राची आमच्याकडे काय गत होते तेही लिहिते. एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी आईचे नोटरी केलेले इच्छापत्र घेऊन आली. काउंटरने ते ‘लीगलला दाखवा’ म्हणून परत केले, लीगलने ‘डॉक्टरांना विचारा’ म्हटले, डॉक्टरांनी ‘असं काही आपल्याकडे नसतं’ सांगितले. प्राथमिक मंडळात कोण, दुसऱ्या मंडळासाठी कोणाला कळवायचे, कोणालाच माहीत नव्हते. मुंबईतले डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे ही इच्छापत्रे सांभाळणारे अधिकारी नेमण्याचे काम राज्यात हलले. शेजारच्या गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून लोकांपुढे उदाहरण ठेवले. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालयांसाठी आदेश काढला. आमच्या तालुक्यात तो अधिकारी कोण, हे मला नगरपालिकेत विचारूनही कळलेले नाही.

तुमची भीती मला माहीत आहे. रुग्ण दगावला की मुंबईतला भाऊ येतो, काचा फोडतो, ‘उपचारच केले नाहीत’ म्हणून पोलिसांत जातो. ग्राहक न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे. मीही मारहाण झालेल्या सहकाऱ्यांना टाके घालताना मदत केली आहे. पण या भीतीवर उपाय म्हणून तुम्ही जो नातेवाइकाच्या सहीचा कागद जपता, त्याने तुमचे संरक्षण होत नाही. समीरा कोहली खटल्यात आईची सही होतीच. संरक्षण होईल ते रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांतल्या नोंदीने. काय समजावले, कोणी, किती वाजता, तो काय म्हणाला, पुन्हा विचारल्यावर काय म्हणाला. भांडायला आलेल्या भावापुढे ठेवायलाही तीच नोंद उपयोगी पडते.

मर्यादाही मला ठाऊक आहेत. अपघातात बेशुद्ध आलेल्याला विचारत बसायचे नसते, आधी जीव वाचवायचा. लहान मूल, विष घेऊन आलेला तरुण, ज्वराच्या किंवा औषधाच्या भ्रमात असलेला माणूस, ज्याच्या आजाराची लागण दुसऱ्यांना होऊ शकते असा रुग्ण, यांचे नियम वेगळे आहेत आणि असावेत. निर्णयक्षमता तपासायची असते हे खरे. फक्त, आमच्या मताविरुद्ध बोलला की क्षमता नाही आणि हो म्हटला की आहे, अशी तपासणी नको.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

१. दाखल अर्जातले सरसकट संमतीचे वाक्य आणि ‘तक्रार राहणार नाही’ हे शब्द काढा. प्रत्येक मोठ्या उपचारासाठी वेगळी संमती, रुग्णाला कळेल अशा भाषेत, रुग्णाच्या सहीने किंवा अंगठ्याने घ्या. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून घ्या. नवा अर्ज छापून येईपर्यंत ‘रुग्णाला विचारले, रुग्णाचे म्हणणे’ असा रबरी शिक्का करून घ्या आणि पुढे दोन ओळी मोकळ्या ठेवा.

२. एका उपचाराला नकार दिला म्हणून कोणालाही घरी जायला लावू नका. त्याने नाकारलेले काय आणि चालू राहणारे काय, हे केस पेपरवर वेगवेगळे लिहा. जो खरोखर घरी जातो त्याला पूर्ण डिस्चार्ज कार्ड, औषधे, वेदनाशामक आणि परत येण्याची मोकळीक द्या.

३. डामाची सही घेण्याआधी समाजसेवा अधीक्षकांची भेट आणि त्यांची लेखी नोंद सक्तीची करा.

४. हात बांधण्याचा आदेश लेखी, कारणासह, वेळेच्या मर्यादेसह आणि डॉक्टरांच्या सहीने द्या. तोंडी आदेशावर परिचारिका बांधणार नाहीत, हे परिपत्रकाने जाहीर करा.

५. दोन्ही वैद्यकीय मंडळांची रचना आजच ठरवून ठेवा, आणि आणलेले इच्छापत्र रुग्णाच्या फाइलला पहिल्या पानावर लावा.

६. रुग्णाचा नकार डॉक्टरांपर्यंत पोहोचवणाऱ्या परिचारिकेवर त्या कारणाने कोणतीही कारवाई होणार नाही, हे लेखी द्या.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही एक मागणी आहे. डॉक्टरांच्या वर्तनाचे जे २००२ चे नियम आजही लागू आहेत, त्यात शस्त्रक्रियेपूर्वी कोणाची संमती घ्यावी हे सांगताना आधी पती किंवा पत्नी, मग अल्पवयीन मुलाचे पालक आणि शेवटी स्वतः रुग्ण असा क्रम आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, त्यामुळे जुनेच चालू राहिले. आमचे डॉक्टर नवऱ्याची सही मागताना याच नियमाकडे बोट दाखवतात. सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाच्या बाबतीत फक्त त्याचीच संमती ग्राह्य आहे, असे स्पष्टीकरण परिषदेने राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरला पाठवावे आणि नियम बदलण्यासाठी आयोगाकडे लेखी आग्रह धरावा.

सार्वजनिक आरोग्य विभागाने इच्छापत्रे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे आणि कार्यालये प्रत्येक नगरपालिका, पंचायत समिती आणि रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावावीत. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. ती लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात नको, दाखल काउंटरवर हवी, माणसाला बसून वाचता येईल अशा अक्षरांत. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन मिळेल आणि ते द्यायला शिकलेला माणूस असेल, याची तारीख जाहीर करावी.

नवा संमती अर्ज तयार करायला समिती नेमाल तेव्हा तिच्यात वॉर्डात काम करणारी किमान एक परिचारिका आणि दीर्घ आजारातून गेलेला किमान एक रुग्ण असू द्या. बोलावलेत तर मी माझ्या रजेतून येईन.

आपली विश्वासू,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका